नायट्रोजनची बाजू

अध्यक्षबाई आणि मंडळी,

आत्ता माझी ओळख करून देताना 'आगीपासून माणसांचं रक्षण करणारे तज्ज्ञ' असं म्हटलं गेलं. ऐकायला बरं वाटलं, पण ते खरं नाही. मी आयुष्यात एकही आग विझवलेली नाही. तीस वर्षं मी पगार घेऊन आगी लावल्या. छोट्या, मापातल्या, स्टीलच्या पेटीत, जाड काचेच्या पलीकडे. कापडाची पट्टी उभी टांगायची, खालून पेटवायची, कुठवर जळाली ते फुटपट्टीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. त्या नोंदीखाली दोन जणांच्या सह्या व्हायच्या आणि मग तो पदार्थ माणसं बसणार त्या यानात जायचा, किंवा जायचा नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय 'चंद्रावर जाणाऱ्या यानांतली हवा आणि तिच्यात चालणारे पदार्थ'. तिकडे मी येणार आहे, शब्द दिलाय. पन्नास मिनिटं मिळाली आहेत, म्हणजे वेळच वेळ आहे. तेव्हा आधी एक जुनी तक्रार मांडून घेतो.

माझं म्हणणं असं, की नायट्रोजनवर अन्याय झालेला आहे.

हसा, पण ऐका. आपल्या भाषेत ऑक्सिजनला 'प्राणवायू' म्हणतात. नाव ठेवणाऱ्यानं त्याची जन्माची सोय करून टाकली. प्राण म्हटल्यावर त्याच्याकडे संशयानं कोण बघणार? आणि नायट्रोजन? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं त्याला नाव दिलं 'अ‍ॅझोट', म्हणजे निर्जीव. त्यात उंदीर गुदमरतो, मेणबत्ती विझते, म्हणून निर्जीव. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एक ओळ येते, 'हा वायू ज्वलनास मदत करत नाही.' अहो, ही टीका आहे की प्रशस्तिपत्र? आपण सगळे या क्षणी इथे पेट न घेता बसलो आहोत, ते याच नालायक वायूच्या कृपेनं.

तो करतो काय, तर काहीच करत नाही. हेच त्याचं काम. ज्योत म्हणजे उष्णतेची उलाढाल. जळताना जी उष्णता निघते तिच्यातून शेजारचा पदार्थ तापतो, त्याची वाफ होते, ती वाफ जळते, आणखी उष्णता निघते. हा धंदा नफ्यात राहिला तर आग पसरते, तोट्यात गेला तर विझते. हवेत ऑक्सिजनच्या एका रेणूमागे नायट्रोजनचे जवळजवळ चार रेणू असतात. हे चौघे आगीच्या कामाला हात लावत नाहीत, पण पंगतीला बसतात. तापतात आणि उष्णता घेऊन निघून जातात. म्हणून मिथेनची ज्योत हवेत साधारण १९५० अंशांवर अडते आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये २७०० च्याही वर जाते. इंधन तेच, ऑक्सिजन तोच. फक्त फुकट जेवणारे उठून गेले.

शाळेतला प्रयोग तुम्ही सगळ्यांनी केलाय. विझत आलेली काडी, टोकाला नुसता लाल निखारा, ती ऑक्सिजनच्या नळीत घातली की भप्पकन पेटते. आम्ही ती काडी आत-बाहेर, आत-बाहेर करायचो, सरांचा ओरडा खाईपर्यंत. त्यात काडीचं कर्तृत्व शून्य असतं. ती काल होती तशीच आज आहे. बदलले फक्त शेजारी.

इथे एक गोम आहे. फुप्फुसाला टक्केवारी कळत नाही, त्याला ऑक्सिजनचा दाब कळतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल, त्यातला ऑक्सिजनचा वाटा सुमारे २१. हे २१ किंवा त्याच्या आसपास काहीतरी मिळालं की फुप्फुस खूश. बाकी डब्यात नायट्रोजन आहे की नाही, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ज्योतीचं गणित निराळं. ती दाबाचंही थोडंफार ऐकते, पण मुख्यतः विचारते, 'माझ्या एका ऑक्सिजनमागे खाणारी तोंडं किती?' म्हणजे माणसाला अगदी सोयीची असलेली हवा आगीलाही फार सोयीची असू शकते. यान बांधणाऱ्यांची पंचाईत सुरू होते ती इथून.

आता दुसरी तक्रार. ती एका शब्दाबद्दल आहे, 'अग्निरोधक'. बाजारात अग्निरोधक कापड मिळतं, अग्निरोधक रंग मिळतो, अग्निरोधक पडदेही मिळतात. मला दर वेळी विचारावंसं वाटतं, कोणत्या हवेत? किती दाबाला? उभं टांगून की आडवं ठेवून? किती जाड? शेजारी काय आहे? दुकानदार अर्थातच आपल्याला वेड्यात काढतो.

आमची मुख्य परीक्षा सांगतो. नासाच्या ६००१ क्रमांकाच्या मानकातली ही पहिली चाचणी. पट्टी सुमारे ३० सेंटिमीटर लांब, साडेसहा सेंटिमीटर रुंद, उभी. खालून रासायनिक वडीनं पेटवायची. आग वर चढते, म्हणून उभी पट्टी खालून पेटवणं ही सगळ्यात कठोर परीक्षा. १५ सेंटिमीटरच्या आत विझली आणि जळते थेंब गळून खालचा कागद पेटला नाही, तर पास. आता नोमेक्स घ्या. अग्निशमन दलाचे जवान ज्याचे कपडे घालतात ते. साध्या हवेत त्याची पट्टी खाली काळी पडते, आक्रसते, बोटभर जळते आणि विझते. अगदी सभ्य. तीच पट्टी, त्याच ताग्यातली, ऑक्सिजन ३४ टक्के करून लावा. खाली आधी तसंच काळं पडतं आणि वाटतं, विझणार. मग ज्योतीचा पिवळा रंग जाऊन ती पांढरट होते, कडेला चिकटते आणि कड धरून सरसर वर जाते. चिमट्यात वर दोन काळ्या शेंड्या राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वहीत 'नमुना सदोष' असं लिहिलं होतं. माझ्या वरिष्ठांनी ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'नमुना उत्तम. समज सदोष.'

या वरिष्ठांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, त्याशिवाय ते डोळ्यांपुढे येणार नाहीत. नाव सांगत नाही, प्रयोगशाळेचंही नाही. मी नवा होतो. उच्च दाबाच्या ऑक्सिजनची एक झडप स्वच्छ करून जोडायचं काम माझ्याकडे आलं. ऑक्सिजनच्या कामात स्वच्छता म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटत नाही. साध्या यंत्राला आपण तेल देतो, ग्रीस लावतो. इथे तेलाचा एक थेंब म्हणजे काडेपेटी. दाबाखाली भरलेला ऑक्सिजन झडप पटकन उघडल्यावर पुढच्या नळीत घुसतो, तिथला वायू एकदम दाबला जातो आणि तापतो. सायकलचा पंप हाताला गरम लागतो, तेच. पण इथे एका वातावरणावरून, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबावरून, त्याच्या दोनशेपटीवर झटक्यात गेलात तर हिशोबानं हजार अंशांच्या वर तापमान जातं. त्या जागी तेल असेल तर त्याला वेगळी ठिणगी लागत नाही.

तर मी ती झडप द्रावणात धुतली, वाळवली, हातमोजे घालून जोडली. सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि शेवटी, काय सुचलं कोण जाणे, खिशातला धुतलेला, इस्त्रीचा रुमाल काढून तोंडाशी एकदा पुसून घेतली. चकाकायला. वरिष्ठ आले. झडप हातात घेतली नाही, नुसती पाहिली. मग खोलीतले दिवे बंद केले आणि अतिनील दिवा लावला. झडपेच्या तोंडाशी, आतल्या कडेला, निळे-पांढरे ठिपके आणि बारीक तंतू झगमगायला लागले. चांदणं पडल्यासारखं. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून साबणात जी रसायनं असतात ती त्या प्रकाशात चमकतात. माझ्या रुमालाचा धागा न् धागा तिथे हजेरी लावून बसला होता. त्यांनी एवढंच विचारलं, 'रुमाल कितीला घेतला होता?' मी आकडा सांगितला. म्हणाले, 'झडप, नळी, चाचणीची पेटी आणि तुझे दोन हात, यांच्या मानानं स्वस्त.' त्या दिवसापासून मी कामावर रुमाल नेला नाही. सर्दी झाली तरी नाही.

किती वाजले? बरं, अजून आहे वेळ.

आता ज्या घटनेशिवाय हा विषय बोलताच येत नाही, तिच्याकडे येतो. त्याआधी एक आवाज ऐका. माफ करा हं, या मागच्या फलकाची एक पट्टी काढतोय. (कर्रर्र.) ओळखीचा आहे ना? व्हेल्क्रो. वजनरहित अवस्थेत पेन सोडलं की ते फिरायला निघतं, वही सोडली की वही. म्हणून प्रत्येक वस्तूच्या पाठीला एक तुकडा आणि भिंतीला त्याचा जोडीदार. अतिशय सोयीची वस्तू. मूळ पदार्थ नायलॉन.

अपोलोचं पहिलं यान तयार होत होतं. १९ ऑगस्ट १९६६ ला कॅलिफोर्नियातल्या डाउनीच्या कारखान्यात त्याची आढावा बैठक झाली. यानात व्हेल्क्रो आणि नायलॉनची जाळी जरा जास्तच झाली आहे, हा मुद्दा तिथे निघाला. जाळी कशाला, तर खाली पडलेली वस्तू तारांच्या खोबणीत जाऊ नये म्हणून. यान-कार्यक्रमाचे व्यवस्थापक जोसेफ शे यांनी यान पास केलं आणि जळाऊ वस्तू काढायला सांगितल्या. काढल्या की नाही, ते मात्र स्वतः जाऊन पाहिलं नाही. त्याच सुमारास त्या यानातून जाणाऱ्या गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी या तिघा अंतराळवीरांनी शे यांना आपला एक फोटो भेट दिला. अधिकृत फोटोची नक्कल. समोर यानाचं छोटं मॉडेल, आणि तिघेही हात जोडून, मान खाली घालून प्रार्थना करताहेत. सोबतच्या मजकुराचा आशय असा, की तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण या वेळी आम्ही तुमच्याही वरच्याकडे दाद मागतोय.

मी हा फोटो अनेकदा पाहिलाय. माणसं विनोद कधी करतात? तक्रार करून झालेली असते, ऐकून घेतलेली असते, आणि पुढे काही घडत नसतं, तेव्हा. पण यात माझ्या धंद्यातल्या माणसाला बोचणारी एक गोष्ट आहे. ती जाळी, त्या पट्ट्या, सगळ्यांनाच हव्या होत्या. तंत्रज्ञांना हव्या होत्या, अंतराळवीरांनाही हव्या होत्या. प्रत्येक तुकडा चिकटवणाऱ्यानं एक खरी अडचण सोडवली होती. कोणी मूर्ख नव्हतं. इंचा-इंचानं केबिनच्या भिंतींना जणू गालिचा बसला.

२७ जानेवारी १९६७. फ्लोरिडातलं केप केनेडी, ३४ नंबरचा तळ. रॉकेटवर यान चढवलेलं, उड्डाणाची रंगीत तालीम. दुपारी एकच्या सुमारास तिघे आत बसले. दार बंद झाल्यावर केबिनमधली हवा काढून शुद्ध ऑक्सिजन भरला. आणि किती? उड्डाणानंतर अवकाशात ३४ किलोपास्कलच ठेवायचा होता. पण जमिनीवर, बाहेर पूर्ण वातावरण असताना, आत दाब कमी ठेवून चालत नाही, केबिन बाहेरून चेपली जाईल. शिवाय गळती तपासायची, नायट्रोजन हुसकून लावायचा. म्हणून आत बाहेरच्यापेक्षा जरा जास्त, सुमारे ११५ किलोपास्कल. सगळाच्या सगळा ऑक्सिजन. म्हणजे या सभागृहात ऑक्सिजनचा जेवढा दाब आहे त्याच्या पाचपटीहून जास्त, आणि पंगतीला बसणारा नायट्रोजन एकही नाही. त्या वातावरणात नायलॉन, फोम, कागद, कापड कित्येक तास होतं.

शुद्ध ऑक्सिजनच का, असं तुम्ही म्हणाल. कारणं भक्कम होती. एकच वायू, एकच टाकी, यंत्रणा सोपी, वजन कमी. दाब कमी म्हणून केबिन हलकी. दोन वायूंचं मिश्रण सांभाळणाऱ्या यंत्रणेत गडबड झाली तर माणूस नुसत्या नायट्रोजनमध्ये नकळत बेशुद्ध पडतो. अपोलोच्या आधीच्या मर्क्युरी यानांच्या वेळी एका चाचणीत तसं झालंही होतं. नायट्रोजनचा वकील म्हणून मला हे कबूल करावं लागतं. आणि मर्क्युरी, जेमिनी ही सगळी उड्डाणं याच पद्धतीनं पार पडली होती. आग लागली नव्हती, म्हणून लागत नाही असं सगळ्यांनी धरलं.

चाचणीच्या वर्गवारीत तिला 'धोकादायक' म्हटलेलं नव्हतं. का, तर रॉकेटमध्ये इंधन भरलेलं नव्हतं! मंडळी, इंधन होतं. ते भिंतींना चिकटवलेलं होतं.

संध्याकाळी ६ वाजून ३१ मिनिटांनी केबिनमधून आगीची खबर आली. सतराएक सेकंदांत शेवटचा आवाज. तेवढ्या वेळात आतला दाब दोनशे किलोपास्कलपर्यंत चढून केबिनची भिंत फाटली होती. आतलं दार आतल्या बाजूला उघडणारं. आतला दाब त्याला चौकटीत दाबून धरत होता. कोणी भीम आला असता तरी उघडलं नसतं. उत्तम परिस्थितीतही ते दार उघडायला किमान दीड मिनिट लागणार होतं. बाहेरच्या लोकांनी धुरात, भाजत, पाच मिनिटांनी ते उघडलं. तिघेही धुरानं गेले होते.

चौकशी झाली. फ्लॉइड थॉम्पसन यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ बसलं, यानाचा खिळा न् खिळा सुटा केला. ठिणगी नेमकी कुठली, ते ठरलं नाही. ग्रिसमच्या आसनाखाली डावीकडे एक तार होती, तिच्यावर संशय आहे. आता यावर माझं मत ऐका. ठिणगी कोणती, हा प्रश्न वर्तमानपत्रांना आवडतो, कारण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं आणि कोणाच्या तरी माथी खापर फोडता येतं. यानात शेकडो तारा, स्विच, पंप, पंखे. ठिणगी उडणारच, असं धरून चालायचं. ती उडाल्यावर तिला खायला काय मिळतं, हा आमचा प्रश्न. मंडळाच्या अहवालातही तेच आलं: बंद केबिनमध्ये दाबाखालचा ऑक्सिजन, सगळीकडे जळाऊ माल, नाजूक तारा, पेटू शकणारं शीतक द्रव्य वाहून नेणाऱ्या नळ्या, आणि बाहेर पडायला वाट नाही.

मग बदल झाले. दार बाहेर उघडणारं, काही सेकंदांत. पोशाखांना बाहेरून बीटा कापड, म्हणजे टेफ्लॉनचा लेप दिलेल्या अतिशय बारीक काचतंतूंचं कापड. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या जागी पोलाद. व्हेल्क्रोही बदललं: आकडे पॉलिएस्टरचे, फासे टेफ्लॉनचे, पाठ काचेच्या कापडाची, आणि तेही छोट्या तुकड्यांत, मध्ये अंतर सोडून, म्हणजे एक पेटला तर दुसऱ्यापर्यंत पोचू नये. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, त्यावरचा हा इलाज. आणि माझ्या अशिलाला न्याय मिळाला. उड्डाणतळावर उभ्या यानात ६० टक्के ऑक्सिजन, ४० टक्के नायट्रोजन. वर जाताना हळूहळू शुद्ध ऑक्सिजनकडे. चाळीस टक्क्यांवर का होईना, त्याला घरात घेतलं.

एक गोष्ट इथेच सांगतो. याच्या जवळजवळ सहा वर्षं आधी, २३ मार्च १९६१ ला, मॉस्कोत व्हॅलेंटिन बोंडारेन्को नावाचा २४ वर्षांचा प्रशिक्षणार्थी अंतराळवीर ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेल्या एकांतकोठडीत होता. अंगावरचे संवेदक काढून त्या जागा अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसल्या, बोळा टाकला, तो पडला विजेच्या शेगडीवर. आत-बाहेरच्या दाबाच्या फरकामुळे दार वेळेत उघडता आलं नाही. तो वाचला नाही. जगाला हे कळलं १९८६ मध्ये. बंद डबा, वाढवलेला ऑक्सिजन, न उघडणारं दार. १९६७ मध्ये फ्लोरिडात बसलेल्यांना हे माहीत असतं तर, असं माझ्या मनात येतं. बाकी काही बोलत नाही.

ही बघा, चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अध्यक्षबाई, आपण घड्याळात दाबाचा फरक धरलेला दिसत नाही.

बरं, मग भराभर. मूळ विषय.

पहिलं, टेफ्लॉन. अग्निरोधकांचा राजा. साध्या दाबाला ऑक्सिजन ९५ टक्क्यांपर्यंत नेला तेव्हा कुठे ते मेणबत्तीसारखं जळत राहतं. मग ते न जळणारं म्हणायचं का? अपोलो १३ च्या दोन नंबरच्या ऑक्सिजनच्या टाकीत तारांवर टेफ्लॉनच होतं. टाकीच्या हीटरचे स्विच २८ व्होल्टचे, तळावर त्यांना ६५ व्होल्ट दिले. ते चिकटून बसले, हीटर तासन्‌तास चालू राहिला. आत पाचशे अंशांच्या वर गेलं असावं. तापमानाचा काटा मात्र तिशीच्या अलीकडेच अडणारा, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळं आलबेल. आवरण भाजून तडकलं. १३ एप्रिल १९७० ला अवकाशात टाकीतला पंखा लावला, ठिणगी पडली आणि साठ वातावरणांच्या ऑक्सिजनमध्ये टेफ्लॉन जळलं.

दुसरं, धातू. हो, धातूही जळतात. १८ एप्रिल १९८० ला ह्यूस्टनमध्ये अंतराळपोशाखाची चाचणी चालू होती. पोशाख रिकामा होता, हे नशीब. तंत्रज्ञानं झडप सरकवली, चारशे वातावरणांच्या आसपासचा ऑक्सिजन अ‍ॅल्युमिनियमच्या नियंत्रकात शिरला आणि तो नियंत्रकच पेटला. तंत्रज्ञ भाजला. पुढे तिथे मोनेल आलं, निकेल आणि तांब्याचं मिश्रण. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण एकदा पेटलं की भरपूर उष्णता देतं. तांबं, निकेल, पितळ त्या मानानं आळशी. ऑक्सिजनच्या कामाला आळशी धातू बरा.

तिसरं, आपण शहाणे झालो आहोत का? २०२३ च्या उन्हाळ्यात बोइंगच्या स्टारलायनरमध्ये तारांच्या जुडग्यांवर गुंडाळलेली चिकटपट्टी काही परिस्थितींत जळाऊ आहे, असं लक्षात आलं. माणसं बसण्याआधी, सुदैवानं. सव्वा किलोमीटरच्या वर पट्टी सोलून काढावी लागली. पट्टी काचेच्या कापडाची होती. जळाऊ होता तो तिच्या पाठीचा चिकट थर. म्हणून मघाशी विचारलं, शेजारी काय आहे?

आता चंद्र. पृथ्वीभोवतीच्या आंतरराष्ट्रीय स्थानकात आपली नेहमीची हवा आहे, १०१ किलोपास्कल, २१ टक्के. पण बाहेर चालायच्या पोशाखात शुद्ध ऑक्सिजन, तीसेक किलोपास्कल. एकातून दुसऱ्यात एकदम गेलात तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर येतो. इथे माझा अशील दोषी आहे, मान्य. म्हणून आधी कित्येक तास शुद्ध ऑक्सिजन ओढत बसावं लागतं. स्थानकावर ते परवडतं. चंद्रावर आठवड्यातून अनेकदा बाहेर पडायचं, तिथे नाही. म्हणून नासानं ठरवलेली नवी हवा: ५६.५ किलोपास्कल, ३४ टक्के ऑक्सिजन. फुप्फुसाला मिळतात सुमारे १९, म्हणजे ठीकठाक. रक्तात नायट्रोजन कमी, पोशाख लवकर चढवता येतो. छान. पण ज्योतीला विचारा. एका ऑक्सिजनमागे चार खाणारे होते, आता दोन राहिले. नोमेक्सची ती पट्टी मी ३४ टक्क्यांवर लावून दाखवली, ती उगीच नाही. वर्षानुवर्षांच्या याद्यांत 'पास' असलेले पदार्थ या हवेत नापास होतात. कपडे, पिशव्या, फोम, पट्ट्या सगळं पुन्हा तपासायचं. आणि माणूस कापसाचे कपडे मागतो, टॉवेल मागतो, कागद मागतो. काचतंतूंची चड्डी कोणी घालणार नाही.

चौथं, आणि याच्यासाठी खरं तर मी आलो होतो. दोन मिनिटं द्या.

आमची परीक्षा उभ्या पट्टीची, कारण पृथ्वीवर गरम वायू वर चढतो, ताजी हवा खालून येते आणि आग चढत जाते. वजनरहित अवस्थेत 'वर' नसतंच. मेणबत्तीची ज्योत गोल, निळी, गप्प होते. स्वतःच्याच धुरात गुदमरते. म्हणून स्थानकात आग लागली तर पहिलं काम पंखे बंद करणं. पण आग स्वतःचाच ऑक्सिजन घेऊन आली असेल तर तो इलाज चालत नाही. १९९७ च्या फेब्रुवारीत रशियाच्या मीर स्थानकावर ऑक्सिजन बनवणारा रासायनिक डबाच पेटला, आणि एका सोयुझकडे, म्हणजे परतीच्या यानाकडे, जायची वाट त्या आगीपलीकडे होती. आग विझवणारे नळकांडे सोडले की फवाऱ्याच्या धक्क्यानं माणूसच मागे जायचा, दुसऱ्यानं त्याला धरून ठेवायला हवं होतं.

असो. तर आम्ही म्हणत आलो, की पृथ्वीवरची परीक्षा सगळ्यात कठोर. इथे पास तो वर पास. पण चंद्रावर ना पृथ्वी आहे, ना वजनरहित अवस्था. एक षष्ठांश गुरुत्व. पृथ्वीवर गरम वायूचा वर जाणारा झोत कधी कधी इतका जोरात असतो की कमकुवत ज्योत त्यात उडून जाते. अवकाशात झोतच नाही, म्हणून ती उपाशी. चंद्रावर झोत हळुवार, ज्योतीला पुरेल एवढा आणि तिला उडवणार नाही एवढा. म्हणजे इथे विझणारी पट्टी तिथे जळत राहू शकते. हे खरं की कसं, ते प्रत्यक्ष त्या गुरुत्वात जाळून पाहायला हवं. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू शेपर्ड या रॉकेटची कुपी स्वतःभोवती फिरवून दोनेक मिनिटं चंद्राएवढं गुरुत्व निर्माण केलं होतं, त्यात ज्वलनाचाही प्रयोग होता. दोन मिनिटं. आणि माझ्या कपाटात तीस वर्षांच्या वह्या आहेत, प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'वाईटातली वाईट स्थिती' असा शिक्का, आणि प्रत्येक पट्टी याच जमिनीवर उभी टांगून जाळलेली.

आता त्या शिक्क्याचं काय करायचं, यावर माझ्याकडे सहा मुद्दे होते, पण ही दुसरी चिठ्ठी आली. काय आहे? 'पट्टी परत लावा, फलक सुटतोय.'

घ्या.